गोळीचं नाव टाईप केल्यावर

मेथोट्रेक्सेटचं पाकीट एखाद्या घरात पहिल्यांदा गेलं की चार-आठ दिवसांत त्या घरातलं कुणीतरी माझ्या काउंटरवर परत येतं. येणारा सहसा पेशंट नसतो. नातू असतो, गणपतीला मुंबईहून आलेला मुलगा असतो, बारावीपर्यंत शिकलेली सून असते. एका हातात पाकीट, दुसऱ्या हातात मोबाईल. गिऱ्हाईक कमी व्हायची वाट बघत ते फ्रीजजवळ उभे राहतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "मामा, खरं सांगा, आजीला कॅन्सर झालाय का?"

माझं मेडिकल मलकापुरात, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. शाहूवाडी तालुक्यातली, आंबा घाटाकडची, विशाळगडाच्या बाजूच्या वाड्यांतली माणसं इथे बाजाराला, कचेरीत आणि दवाखान्याला येतात. ताप, खोकला, जखम, साखर, बीपी हे इथेच निभावतं. आमवाताचा, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा, खास डॉक्टर हवा असेल तर कोल्हापूर गाठावं लागतं. पंचेचाळीसेक किलोमीटर. वाडीवरून निघणाऱ्याला आधी मलकापूर, मग एसटी, मग नंबर, मग रक्ततपासणी. अख्खा दिवस जातो आणि त्यातली डॉक्टरसमोरची मिनिटं हाताच्या बोटांवर मोजावीत. पहिल्या महिन्याच्या गोळ्या तिथूनच घेऊन येतात. दुसऱ्या महिन्यापासून चिठ्ठी माझ्याकडे येते आणि डॉक्टरला विचारायचे राहिलेले प्रश्नही तिच्यासोबत येतात. मधल्या काळात ते प्रश्न मोबाईलला विचारून झालेले असतात.

मेथोट्रेक्सेटबद्दल मोबाईल सांगतो ते खोटं नाही. ती कॅन्सरचीच गोळी म्हणून जन्माला आली. अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत आपल्या आंध्रच्या भीमावरममध्ये जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव संशोधनप्रमुख होते. त्यांच्या हाताखाली फॉलिक ॲसिडच्या कामात अडथळा आणणारी औषधं तयार झाली, आणि सिडनी फार्बर यांनी 1948 साली त्यातल्या ॲमिनोप्टेरिनमुळे लहान मुलांचा रक्ताचा कॅन्सर काही काळ हटतो हे दाखवलं. मेथोट्रेक्सेट त्याचंच भावंड. 1951 मध्ये गुब्नर या डॉक्टरांनी ॲमिनोप्टेरिन सांध्यांच्या आजारात देऊन पाहिलं, फरक दिसला. पण तेव्हा सगळं जग कॉर्टिसोन या स्टिरॉइडच्या नादात होतं, म्हणून तिकडे तीसेक वर्षं कुणी फारसं बघितलं नाही. 1980 च्या दशकात नीट चाचण्या झाल्या आणि 1988 मध्ये अमेरिकेत या आजारासाठी रीतसर मान्यता मिळाली. आज जगभर आमवातावर बहुतेक ठिकाणी सुरुवात याच गोळीने होते.

एवढा इतिहास मी फ्रीजजवळ उभ्या राहिलेल्या नातवाला सांगत नाही. त्याला कागदावर दोन आकडे लिहून देतो. कॅन्सरच्या काही प्रकारांत हे औषध एका वेळी शरीराच्या दर चौरस मीटरला 500 मिलिग्रॅम आणि त्याच्याही वर जातं. तुझ्या आजीला 10 मिलिग्रॅम आहे, तेही आठवड्यातून एकदा. दोन्हीकडे नाव एकच. मोबाईलवर नाव शोधलं की दोन्ही कामं एकाच पानावर येतात, आणि घाबरलेला माणूस त्यातली पहिली ओळ वाचून थांबतो. माहितीत मात्रा कुठे असते? ती चिठ्ठीवर असते, आणि चिठ्ठीवरचं अक्षर वाचणारा आख्ख्या घरात कुणी नसतो.

घाबरून गोळी बंद करणाऱ्यांचं नुकसान हळूहळू होतं. या गोळीचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात; बंद केल्यावरही लगेच काही बिघडत नाही, म्हणून लोकांना वाटतं बरं झालं सोडली. मग सुगीच्या तोंडावर मनगट फुगतं. याच्या उलट चूक करणाऱ्यांचं नुकसान मात्र झटपट होतं. आपल्याकडे गोळी म्हटली की रोजची. आठवड्याची गोळी रोज खाल्ली की तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी उतरतात, माणूस थेट मोठ्या दवाखान्यात जातो, कधी जिवावरही बेततं. मला विचाराल तर इंटरनेटवर कॅन्सर या शब्दाऐवजी हीच गोष्ट मोठ्या अक्षरांत असायला हवी होती. पाकिटात दहा गोळ्या असतात. मी चार कापून देतो, कापलेल्या तुकड्यावर तारीख येत नाही म्हणून बॅच नंबर आणि मुदत पुडीवर लिहितो, आणि त्याखाली ठळक मार्करने वार. वार कुठला ठेवायचा हे घरच्यांनी ठरवायचं. बहुतेक जण बाजाराचा दिवस निवडतात, तो कुणी विसरत नाही. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या पुडीत, तिच्यावर दुसरा वार.

आता शोधतं कोण, ते सांगतो. शहरातल्या लेखांत 'रुग्ण इंटरनेटवर माहिती शोधतात' असं वाचलं की डोळ्यांसमोर लॅपटॉपपुढे बसलेला माणूस येतो. आमच्याकडे ज्या बाईची बोटं आखडलीत तिला त्या बोटांनी मोबाईलच्या काचेवर अक्षरं दाबता येत नाहीत. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, नेट स्वस्त झालं, आणि पुढच्याच वर्षी गुगलला मराठीत बोलून विचारता यायला लागलं. तेव्हापासून माईकचं चिन्ह दाबून देणारं पोर घरात असलं की काम भागतं. "सकाळी बोटं वळत न्हाईत, काय करू?" असं एक मावशी माझ्या समोर मोबाईलला विचारत होत्या, तोंडाजवळ धरून, गावाकडं ट्रंककॉल लावल्यासारख्या मोठ्यानं. उत्तर आलं ते हळद, मेथी आणि एरंडेलाचं.

माझ्या बघण्यात असं आलंय की भाषेप्रमाणे माल बदलतो. इंग्रजीत शोधलं तर दुष्परिणामांची यादी येते. हिंदीत शोधलं तर विकणारा भेटतो. मराठीत घरगुती उपाय. सरसकट असंच असतं असा दावा नाही, चांगले मराठी डॉक्टरही हल्ली बोलतात. पण वाडीवरच्या मोबाईलवर पहिल्यांदा काय येतं याचा माझा अंदाज हाच. त्यामुळे कॉलेजात जाणारी नात घाबरून येते, मधल्या पिढीतला मुलगा औषधाचं पार्सल मागवून मोकळा होतो, आणि आजी मेथी भिजत घालते. एका घरात तिघांना तीन वेगळे आजार आहेत की काय असं वाटावं.

खरं तर वेगळे आजार असतातच, फक्त वेगवेगळ्या माणसांना. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांच्या गटाने 1996 पासून इंदापूर तालुक्यातल्या भिगवणमध्ये घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. खेड्यातल्या सांधेदुखीवरच्या आपल्याकडच्या पहिल्या मोठ्या कामांपैकी हे एक. त्यात खरा आमवात साधारण दर दोनशे प्रौढांमागे एकाला निघाला. गुडघे झिजलेले, पाठ-मान धरलेली, कष्टाने स्नायू दुखणारे त्याच्या कितीतरी पट. म्हणजे 'सांधेदुखी' असं बोलून शोधणाऱ्या बहुतेकांना आमवात नसतोच. एकाचा गुडघा झिजलेला, दुसऱ्याला युरिक ॲसिडमुळे अंगठ्याचा ठणका, तिसऱ्याचे चिकुनगुनियानंतर महिनोन् महिने धरलेले घोटे. 2006 च्या साथीनंतर तसे किती आले! मोबाईल तिघांनाही एकच व्हिडिओ दाखवतो.

आहाराचं तर विचारू नका. आमच्याकडे वाताच्या माणसाने पावटा, वाल, वांगं खाऊ नये हे पहिल्यापासून होतं. घाटकोपरला असलेल्या मुलाने एका म्हातारीला बटाटा आणि टोमॅटोही बंद करायचा निरोप व्हॉट्सॲपवर पाठवला. मग कुणीतरी दूध बंद सांगितलं. ताक आंबट म्हणून गेलं. गव्हातल्या ग्लुटेनने सांधे सुजतात असा व्हिडिओ आला तेव्हा म्हातारी मात्र हसली, कारण तिच्या घरी भात आणि नाचणीची भाकरी, चपाती सणाला. वर्षभरात तिचं ताट असं रिकामं होत गेलं की कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांध्यांआधी हिमोग्लोबिनवर उपचार सुरू केले. "खाऊ काय मग, लेकरा?" हे तिनं मला विचारलं. मोबाईलवर काय खाऊ नये याची कमतरता नाही. जुलैत गुडघाभर चिखलात वाकून रोप लावणाऱ्या बाईने काय खावं, हे मी अजून कुठे बघितलेलं नाही. त्याच व्हिडिओंत पोहायला जा असं सांगतात. इथे पावसाळ्यात चार महिने सगळं पाण्यातच असतं.

पार्सलांवर माझा राग आहे आणि तो लपवत नाही. धंद्यात मार खातो म्हणून बोलतो असं काहींना वाटतं, वाटू दे. पांढरा कोट घातलेला माणूस व्हिडिओत सांगतो की तीन महिन्यांत आमवात मुळासकट जाईल, खाली नंबर असतो, आणि घाटातल्या वाडीवरही डबा घरपोच येतो, पैसे डबा मिळाल्यावर द्यायचे. आपल्या देशात 1954 पासून आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे. जादूचे उपाय आणि औषधं यांच्या जाहिरातींविरुद्धचा. ज्या आजारांवर इलाजाचा दावा जाहिरातीत करायचाच नाही अशी यादी त्याला जोडलेली आहे, आणि तिच्यात सांधेवात आहे, शरीर स्वतःवरच उलटतं तो ल्युपसही आहे. माझ्या दुकानात असा फलक लावला तर औषध निरीक्षक विचारेल. मोबाईलच्या पडद्यावर तोच फलक दिवसभर फिरतो.

पार्सलातल्या काही पुड्या लागू पडतात, आणि मला जास्त भीती त्यांचीच वाटते. महिनोन् महिने कुंथत उठणारी बाई दोन दिवसांत अंगण झाडायला लागली, की माझ्या मनात पाल चुकचुकते. 1948 मध्ये मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या आमवाताच्या बाईला कॉर्टिसोन दिलं तेव्हा ती काही दिवसांत चालायला लागली, आणि 1950 मध्ये त्यांना आणखी दोघांसह नोबेल मिळालं. पुडीतला चमत्कार बहुधा तोच असतो, लेबलवर न लिहिलेला. स्टिरॉइड वाईट नव्हे. डॉक्टर मोजून देतात, मोजून उतरवतात. न मोजता चाललं की चेहरा गोल होतो, साखर चढते, हाडं पोकळ होतात. पुडीत नेमकं काय आहे हे मला दुकानात तपासता येत नाही, म्हणून मी कुणाला छातीठोक सांगत नाही. एक मात्र सांगतो: संशय आला म्हणून पुडी आजच उकिरड्यावर टाकू नका. बरेच दिवस बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीर आपलं स्वतःचं बनवायचं कमी करतं, आणि ते एकदम तोडलं तर माणूस कोसळू शकतो. डबा पिशवीत घाला, कोल्हापूरला डॉक्टरसमोर ठेवा. लोक तो डबा न्यायला लाजतात. डॉक्टर ओरडतील म्हणून. ओरडतातही.

मोबाईलवरच्या बातमीने माझं कपाट रिकामं केल्याचंही मी पाहिलं. 2020 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचं कौतुक केलं, दोन दिवसांत आपल्या आयसीएमआरने कोरोनाशी संबंध येणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना ती प्रतिबंधासाठी घ्यायला सांगितली, आणि ज्यांचा दवाखान्याशी दूरान्वये संबंध नाही अशी माणसं मोबाईलवर पाकिटाचा फोटो दाखवत रांगेत उभी राहिली. 26 मार्चला सरकारने ती एच-वन यादीत टाकली, विक्रीची नोंद ठेवणं बंधनकारक झालं. तोवर कोल्हापूरच्या होलसेलकडे माल संपत आला होता. ल्युपसच्या आणि आमवाताच्या ज्या बायका ही गोळी वर्षानुवर्षं घेत होत्या त्यांना मी 'उद्या बघा' म्हणत होतो, आणि लॉकडाऊनमध्ये उद्या येणार कशा? ही गोळी शरीरात बरेच आठवडे टिकते, म्हणून थोडी उघडीप मिळाली. जूनपर्यंत ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीने दाखवलं की कोरोनाच्या रुग्णांना तिचा फायदा नाही. रांग आपोआप मोडली. ज्यांनी घरात पाकिटं साठवली होती त्यातल्या एकाने मुदत संपल्यावर परत घेता का विचारलं.

आता मोबाईलच्या बाजूने बोलतो, कारण तीही बाजू माझ्याच काउंटरवर आली.

एक टेम्पो चालवणारा पोरगा कित्येक दिवस माझ्याकडून दुखण्याच्या गोळ्या नेत होता. वय पंचविशीच्या आत-बाहेर. 'मणक्यात गॅप आहे' असं त्याला सांगितलं गेलं होतं. पट्टा झाला, शेक झाला, विश्रांती झाली. त्याचं दुखणं उलटं होतं. पहाटे तीन-चारला कंबर जागं करायची, उठून फिरला की मोकळी व्हायची, आणि पडून राहिलं की आणखी धरायची. घाटात गाडी लावून झोप येईना म्हणून तो मोबाईल बघत बसायचा. एका हिंदी व्हिडिओत त्याच्यासारखाच एक पोरगा स्वतःची पहाट सांगत होता. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्यासमोर चिठ्ठी ठेवली, त्यावर इंग्रजीत 'एचएलए बी-27' असं लिहिलेलं. "ही तपासणी कुठं हुती, मामा?" मी म्हटलं, तपासणी नंतर, आधी हे सगळं असंच्या असं सांधेवाताच्या डॉक्टरला सांग. तपासणी निरोगी माणसातही पॉझिटिव्ह येते, तिच्यावर एकटीवर काही ठरत नाही. एमआरआय झाला, कमरेच्या खाली, पाठीचा कणा आणि कटीचं हाड जुळतं तिथल्या सांध्यांत सूज निघाली, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस ठरला. या आजाराचं निदान व्हायला जगभर वर्षं जातात हे पुस्तकात असतं. त्याची उरलेली वर्षं एका अनोळखी पोराच्या व्हिडिओने वाचवली. त्या पोराने काही विकलं नव्हतं, उपायही सांगितला नव्हता. फक्त दुखतं कधी आणि थांबतं कधी एवढंच सांगितलं होतं.

एका शिक्षिकाबाईंचं तंत्र मी आता सगळ्यांना सांगतो. सकाळी बोटं सुजलेली, मूठ वळत नाही. कोल्हापुरात नंबर येईपर्यंत दुपार होते आणि हात बऱ्यापैकी मोकळे झालेले असतात. डॉक्टर हात दाबून बघतात, बाईंना आपणच खोटं बोलतोय असं वाटायचं. त्यांनी कुठेतरी वाचलं आणि रोज उठल्या उठल्या हाताचा फोटो काढायला लागल्या, मूठ किती वाजता वळली ते खाली लिहायला लागल्या. डॉक्टरांनी ते फोटो पाहिले आणि औषध बदललं. मोबाईलमध्ये शोधण्यापेक्षा मोबाईलमध्ये ठेवणं जास्त उपयोगी पडलं.

हल्ली नातवंडं रिपोर्टचा फोटो काढून एआयला देतात. उत्तर नीट मराठीत येतं, धमकावल्यासारखं नसतं, आणि शेवटी तज्ज्ञांना भेटा असं असतंच. मला त्याचा राग नाही. रक्ततपासणी 'आरए पॉझिटिव्ह' म्हणजे आमवात ठरलाच असं नाही, आणि निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असंही नाही, हे मी ओरडून सांगायचो ते आता तिथे सरळ लिहून येतं. मात्र रिपोर्टच्या फोटोत सुजलेलं मनगट नसतं. ते बघायला हात लावावा लागतो.

या सगळ्यातून मी एक सवय लावली. मोबाईलवर वाचलेलं घेऊन कुणी आलं की खरं-खोटं करत बसत नाही. त्यातला प्रश्न काढून बिलाच्या मागे लिहून देतो, पुढच्या खेपेला डॉक्टरसमोर धरायला. प्रश्न नेहमी लहान असतो आणि आतला असतो. बोलायला संकोच वाटणारा.

गेल्या दिवाळीनंतर एक नवी नवरी अशीच आली. माहेरच्या चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट. सासू बाजूला भाजी घ्यायला गेली तेवढ्यात तिने मोबाईल पुढे केला. या गोळीवर असताना दिवस राहिले तर बाळाला धोका असतो, निदान तीन महिने आधी बंद करावी लागते, असं त्यात होतं. अगदी बरोबर. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तेव्हा तिचं लग्न ठरलेलं नव्हतं, आणि लग्न ठरल्यावर आजाराचं बोलायला घरात कुणी तयार नव्हतं. "बंद केली आणि हात आखडले तर स्वयंपाक कोण करणार, दादा?" मी लिहून दिलं. ती नवऱ्याला घेऊन कोल्हापूरला गेली. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट थांबवली आणि गरोदरपणात चालणारी सल्फासॅलाझिन दिली.

नवी चिठ्ठी घेऊन दोघं परत आले तेव्हा मी पाकीट काढेपर्यंत तिने काउंटरवरच गोळीचं नाव टाईप केलं होतं. वाचता वाचता थांबली. नवऱ्याला काहीतरी दाखवलं, मग मला म्हणाली, "यात सल्फा असतंय. लहानपणी सल्फाच्या गोळीनं माझं सगळं अंग सोलून निघालं होतं, आई सांगते. हे मला कुणी विचारलंच नव्हतं."

मी पाकीट ड्रॉवरमध्ये परत टाकलं आणि डॉक्टरांना फोन लावला. सल्फाची ॲलर्जी असलेल्याला ती गोळी देता येत नाही. पलीकडून त्यांनी दोन मिनिटं शांत राहून सगळं ऐकलं, तारीख अलीकडची दिली, तोवर मेथोट्रेक्सेटसोबत आधीपासून चाललेली हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू ठेवायला सांगितली. ती माझ्याकडे होती. नवरा पैसे काढत होता तोवर तिचं डोळ्यांवरच्या परिणामांचं वाचून सुरू झालं होतं, आणि वर्षातून एकदा डोळे कुठे तपासायचे ते विचारत होती.